घरून सीए फर्मची इंटर्नशिप: पहिल्या मेलपासून हँडओव्हरपर्यंत

सीएच्या ऑफिसात प्रत्यक्ष बसणारा मुलगा तोंड न उघडताही पुष्कळ शिकतो. शेजारची आर्टिकल (सीएच्या हाताखाली शिकणारी मुलगी) क्लायंटशी फोनवर कशी बोलते, सर कोणत्या बिलावर थबकतात, जुन्या फायलींवर पेन्सिलने काय खुणा केलेल्या असतात, हे सगळं त्याच्या नजरेखालून जातं. घरून काम करणाऱ्याला यातलं काहीच मिळत नाही. उलट त्याने दिवसभर काम केलं हेही कुणाला दिसत नाही. ऑफिसपर्यंत पोचतात त्या दोनच गोष्टी: त्याने पाठवलेली फाईल आणि त्याने विचारलेले प्रश्न.

बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षात मी सांगलीत घरी बसून पुण्यातल्या एका मध्यम आकाराच्या फर्मसाठी काम केलं. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधला वेग, एक्सेलची सूत्रं हे सगळं लागतंच, पण ते सवयीने येतं. घरून काम करणाऱ्याची खरी परीक्षा शंका विचारण्यात असते, असं माझं मत झालं आहे. म्हणून पुढे बँक एन्ट्री आणि शंकांच्या यादीवर मी जरा जास्तच रेंगाळणार आहे.

आधी ठरवा, तुम्हाला नक्की काय हवंय

तीन वेगवेगळ्या गोष्टींना सर्रास 'सीए फर्मची इंटर्नशिप' म्हटलं जातं.

पहिली आर्टिकलशिप. ती सीएच्या अभ्यासक्रमाचा भाग आहे, तिची आयसीएआय या सीएंच्या संस्थेकडे नोंदणी होते, आणि १ जुलै २०२३ पासूनच्या नव्या योजनेत ती तीनऐवजी दोन वर्षांची झाली आहे. तुम्ही घरून केलेली दोन-तीन महिन्यांची इंटर्नशिप तिच्यात धरली जात नाही. कुणी 'पुढे ॲडजस्ट करू' म्हणालं तर तिथेच सावध व्हा.

दुसरी कॉलेजची ओजेटी, म्हणजे ऑन-जॉब ट्रेनिंग. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदवीच्या अभ्यासक्रमात इंटर्नशिपला क्रेडिट आली आहेत. एका क्रेडिटला ३० तास या हिशेबाने चार क्रेडिटचे १२० तास होतात. घरून केलेले तास चालतील का, हजेरीचा तक्ता कुणाच्या सहीचा लागेल, मेंटॉरचं पत्र कोणत्या नमुन्यात हवं, हे कॉलेजच्या समन्वयकांकडून काम सुरू होण्याआधी मेलवर लिहून घ्या. तोंडी 'चालेल' परीक्षेच्या आठवड्यात कुणाला आठवत नाही.

तिसरी म्हणजे ऑनलाइन सिम्युलेशन. फोरेजसारख्या मंचावर मोठ्या आंतरराष्ट्रीय फर्म मोफत सराव-कामं ठेवतात. नमुन्याची कागदपत्रं मिळतात, आपण उत्तर लिहायचं, मग त्यांचं आदर्श उत्तर दिसतं आणि शेवटी प्रमाणपत्र. ऑडिट म्हणजे काय करतात याचा अंदाज यायला ते चांगलं आहे, एका शनिवार-रविवारात होतं. पण समोर माणूस नसतो आणि क्लायंटही खरा नसतो, त्यामुळे मुलाखतीत त्याला इंटर्नशिप म्हणू नका.

चौथाही एक प्रकार आहे, ज्यात तुमच्याकडूनच 'रजिस्ट्रेशन फी' मागतात. त्यावर वेळ घालवू नका. फर्म खरी आहे का याची खात्री करायची तर फर्म रजिस्ट्रेशन नंबर विचारा. तो प्रत्येक ऑडिट रिपोर्टवर छापलेला असतो, त्यामुळे सांगायला कुणाला अडचण नसते.

मेल कधी टाकायचा

सीए ऑफिसचा महिना तारखांवर चालतो आणि तुमचा मेल वाचला जाईल की नाही हेही त्या तारखांवरच ठरतं. ७ तारखेपर्यंत टीडीएस (पैसे देताना कापलेला कर) भरायचा असतो, ११ ला मासिक जीएसटीआर-१ म्हणजे विक्रीचा रिटर्न, १४ ला जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी दाखवलेल्या बिलांवरून होणारी खरेदीची यादी) तयार होतो आणि २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायचा रिटर्न. म्हणजे महिन्याचे पहिले वीस दिवस कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं. २१ ते २८ या काळात मेल टाका, फोनही तेव्हाच करा. वर्षाच्या हिशेबाने पाहिलं तर सप्टेंबर पूर्ण टाळा, कारण टॅक्स ऑडिटच्या रिपोर्टची नेहमीची मुदत ३० सप्टेंबर. नवख्या माणसासाठी एप्रिल ते जून सगळ्यात चांगला काळ. मार्चअखेर झालेली असते, वर्षभराच्या बँक एन्ट्री आणि बिलांचा डोंगर पडलेला असतो आणि माणसं कमी असतात.

मेलमध्ये 'मला शिकण्याची खूप इच्छा आहे' हे वाक्य प्रत्येकजण लिहितो. त्याऐवजी काय येतं ते लिहा. उदाहरणार्थ:

'नमस्कार मॅडम, मी बी.कॉम. तृतीय वर्षाला आहे. टॅलीप्राइममध्ये बँक, खरेदी-विक्री आणि जर्नल एन्ट्री करता येतात. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल येतं. जीएसटी पोर्टलवर स्वतः रिटर्न भरलेला नाही. कॉलेजच्या ओजेटीसाठी १२० तास घरून काम करायचं आहे. सोमवार ते शनिवार सकाळी १० ते २ उपलब्ध आहे. माझ्याकडे विंडोज लॅपटॉप आणि ब्रॉडबँड आहे. नमुन्यादाखल एखाद्या महिन्याचं बँक स्टेटमेंट एन्ट्रीसाठी दिलंत तर आधी ते करून दाखवते.'

यातलं 'स्वतः रिटर्न भरलेला नाही' हे वाक्य गाळू नका. काय येत नाही हे आधीच कळलं की तुम्हाला काय द्यायचं ते ठरवणं समोरच्याला सोपं जातं.

स्टायपेंडचं सुरुवातीलाच विचारा. लहान फर्म पहिले काही आठवडे बहुधा काही देत नाहीत. ते पटत नसेल तर नाही म्हणा, पण महिन्याभराने कुरकुर नको.

घरची मांडामांड

टॅलीप्राइम विंडोजवर चालतं, मॅकवाल्यांनी आधी सोय पाहावी. सराव करायचा तर लायसन्सशिवाय एज्युकेशनल मोडमध्ये उघडता येतं, फक्त त्यात महिन्यातल्या ठरावीक तारखांच्याच एन्ट्री घेता येतात. खरं काम तीनपैकी एका प्रकारे होतं: एनीडेस्कसारख्या सॉफ्टवेअरने ऑफिसच्या कॉम्प्युटरवर जाऊन, क्लाऊडवर ठेवलेल्या टॅलीत, किंवा एक्सेलमध्ये तयार करून पाठवायचं आणि ऑफिसने ते टॅलीत घ्यायचं. पहिल्या प्रकारात इंटरनेट हळू असेल तर कळ दाबल्यावर काही क्षणांनी अक्षर उमटतं. तिथे घाई केली की एका लेजरची (खात्याची) रक्कम दुसऱ्याच लेजरला बसते. एनीडेस्कच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा कमी केला की बराच फरक पडतो.

लाईट जाते ही आपल्याकडची वस्तुस्थिती आहे, ती लपवू नका. दुरुस्तीसाठी लाईट कोणत्या दिवशी जाते ते पहिल्याच आठवड्यात सांगून टाका. त्या दिवशी बिलं तपासण्यासारखं, लॅपटॉपच्या बॅटरीवर होणारं काम मागून घ्या.

पहिल्या दिवशी पाच गोष्टी विचारून घ्या: फाईलला नाव कसं द्यायचं, टॅलीचा बॅकअप कोण आणि कधी घेतं, नवीन लेजर उघडायची मला परवानगी आहे का, मी थेट क्लायंटशी बोलायचं का, आणि दिवसभराच्या शंका किती वाजता पाठवायच्या. नव्या लेजरचा प्रश्न फालतू वाटतो, पण नवशिके इथेच घोळ घालतात. एकाच पार्टीची 'श्री गणेश ट्रेडर्स', 'गणेश ट्रेडर्स' आणि 'गणेश ट्रे.' अशी तीन लेजर झाली की पुढे येणं-देणं कुणालाच जुळत नाही.

बँक एन्ट्री: सगळ्यांना हेच काम मिळतं

वर्षभराचं बँक स्टेटमेंट हातात पडतं आणि 'एन्ट्री मारून टाक' एवढीच सूचना मिळते. टॅलीत एफ४ कॉन्ट्रा (स्वतःच्याच बँक-रोख खात्यांतली बदली), एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ७ जर्नल (पैसे न हलणाऱ्या नोंदी). बोटांना हे दोन दिवसांत जमतं. त्याआधीची आणि नंतरची कामं महत्त्वाची आहेत.

एकही एन्ट्री करण्याआधी तीन तपासण्या करा. स्टेटमेंटची सुरुवातीची शिल्लक टॅलीतल्या गेल्या वर्षाच्या अखेरच्या शिलकेशी मिळते का? सुरुवातीची शिल्लक, अधिक जमा, वजा नावे, बरोबर अखेरची शिल्लक, असं गणित बसतं का? आणि क्लायंटने तुकड्यातुकड्यांनी पाठवलेल्या पीडीएफमध्ये एखादा आठवडा दोनदा आलाय किंवा गळलाय का? शेवटची गोष्ट फार वेळा होते. व्हॉट्सॲपवर 'एप्रिल ते जून' आणि 'जून ते ऑगस्ट' अशा दोन फायली आल्या की जून दोनदा मोजला जातो.

पीडीएफ एक्सेलमध्ये आणायला इंटरनेटवरच्या फुकट कन्व्हर्टरवर टाकू नका. दुसऱ्याचं बँक स्टेटमेंट अनोळखी सर्व्हरवर जातं. क्लायंटला नेट बँकिंगमधून एक्सेल काढून पाठवायला ऑफिसमार्फत सांगा. बहुतेक बँका ती सोय देतात.

आता नेहमी अडवणाऱ्या एन्ट्री.

स्वतःच्याच दोन खात्यांतली बदली. एका बँकेतून गेलेले ५०,००० दुसऱ्या बँकेच्या स्टेटमेंटमध्येही दिसतात. कॉन्ट्रा एकदाच करायची. दोन्ही स्टेटमेंटवरून केली की रक्कम दुप्पट. मी आधी सगळ्या बँकांच्या कॉन्ट्रा उरकून घ्यायचे आणि मगच बाकीच्यांना हात लावायचे.

कर्जाचा हप्ता. त्यात मुद्दल आणि व्याज दोन्ही असतं, आणि बँक स्टेटमेंट फक्त एकूण आकडा दाखवतं. कर्जखात्याचं स्टेटमेंट मागवा. तोवर पूर्ण रक्कम कर्जाच्या लेजरला टाकून शंकांच्या यादीत नोंद करा.

मालकाचा घरखर्च. एकट्या मालकीचा धंदा असेल तर एलआयसीचा हप्ता, मुलांची फी, घराचं वीजबिल, आणि हो, मालकाचा स्वतःचा इन्कम टॅक्सही धंद्याचा खर्च नाही. हे सगळं उचलमध्ये, म्हणजे मालकाने स्वतःसाठी काढलेल्या पैशांत जातं. एलआयसी आणि टॅक्सच्या रकमा वेगळ्या टिपून ठेवा, रिटर्न करणारा त्या हमखास विचारतो.

बँक चार्जेस. ५९० रुपये कापले असतील तर त्यात ५०० चार्जेस आणि ९० जीएसटी आहे. क्लायंटला जीएसटीचं क्रेडिट (खरेदीवर भरलेला कर आपल्या करातून वजा करणं) मिळत असेल तर ते ९० वेगळे काढायचे. एकेका एन्ट्रीत किरकोळ वाटतं, पण चार खाती आणि बारा महिने म्हटलं की रक्कम होते. शिवाय बँकेचं इनव्हॉइस २बीमध्ये दिसतं, त्यामुळे आज सोडलेला फरक पुढच्या कामात पुन्हा भेटतो.

टीडीएस कापून आलेली रक्कम. सल्लागार क्लायंटने १,००,००० अधिक १८,००० जीएसटी असं बिल केलं आणि बँकेत १,०८,००० आले तर १०,००० बुडालेले नाहीत. बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस मूळ रकमेवरच कापतात, म्हणून १,००,००० चे १० टक्के. एन्ट्रीत बँकेला १,०८,०००, टीडीएस येणे १०,००० आणि पार्टी पूर्ण १,१८,००० ने मिटवायची.

यूपीआय. किराणा किंवा मेडिकलवाल्याच्या खात्यात दिवसाला शेकड्याने जमा असतात. प्रत्येकीची वेगळी एन्ट्री करत बसण्याआधी विचारा: दिवसाची एक बेरीज चालेल का? बहुतेक ठिकाणी चालते. न विचारता सुरू केलं तर आठवडा तिथेच संपतो.

रोख खर्च तपासताना एका दिवसात एकाच माणसाला १०,००० रुपयांहून जास्त रोख दिलेली दिसली तर नुसती खूण करून वर पाठवा. मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० आहे. असा खर्च टॅक्ससाठी नाकारला जाऊ शकतो, त्यामुळे त्यावर काय करायचं हा वरच्यांचा विषय. रकमेचे दोन तुकडे करून 'सोय' करायला कुणी सांगितलं, तर ते मेलवर लिहून मागा. बहुतेक वेळा मग विषय तिथेच संपतो.

सगळ्या एन्ट्री झाल्या की बँक रेको, म्हणजे टॅलीतली शिल्लक स्टेटमेंटशी जुळवणं. समजा टॅलीत बँकेची शिल्लक ३,४२,६०० आहे. दिलेले पण अजून न वटलेले चेक ५८,०००. भरलेले पण जमा न झालेले चेक ३५,०००. बँकेने कापलेले पण तुमच्याकडे न लिहिलेले चार्जेस ५९०. तर स्टेटमेंटची शिल्लक ३,४२,६०० + ५८,००० – ३५,००० – ५९० म्हणजे ३,६५,०१० यायला हवी. आली तर काम झालं असं समजू नका. न वटलेल्या चेकच्या तारखा बघा. चेक तीन महिन्यांत वटवावा लागतो. त्याहून जुना चेक अजून 'न वटलेल्या'च्या यादीत असेल तर तो शिळा झालाय आणि त्याचा प्रश्न झालाच पाहिजे.

क्लायंट कंपनी असेल तर आणखी एक भान. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल लागतं. कोणती एन्ट्री कधी बदलली, कधी डिलीट झाली, सगळं नोंदलं जातं. 'डिलीट करून नव्याने टाकते' ही घरगुती सवय तिथे चालत नाही.

शंकांची यादी

ज्या एन्ट्रीचा पत्ता लागत नाही ती सस्पेन्स या तात्पुरत्या खात्याला टाकायची, हे सगळ्यांना माहीत असतं. माझा नियम एवढाच: सस्पेन्सच्या लेजरची शिल्लक आणि शंकांच्या यादीतल्या सस्पेन्सच्या ओळींची नावे-जमा धरून निव्वळ बेरीज, हे दोन आकडे रोज संध्याकाळी एकच आले पाहिजेत. आले नाहीत तर एखादी एन्ट्री शंका न लिहिताच सस्पेन्सला गेली आहे, किंवा उत्तर मिळूनही दुरुस्त झालेली नाही.

यादी एक्सेलमध्ये किंवा गूगल शीटमध्ये ठेवा. रकाने असे: क्रमांक, तारीख, रक्कम, नावे की जमा, बँकेतलं नॅरेशन (व्यवहारासमोरचा मजकूर) जसंच्या तसं, मी सध्या कुठे टाकलंय, मला काय वाटतं आणि का, कुणी उत्तर द्यायचं (ऑफिस की क्लायंट), उत्तर, दुरुस्ती झाली का.

यातला सगळ्यात मोलाचा रकाना 'मला काय वाटतं आणि का' हा. दोन प्रश्न शेजारी ठेवून बघा.

'सर, १२ जूनची ४५,००० ची एन्ट्री कशात टाकू?'

'सर, १२ जूनला ४५,००० एनईएफटीने गेले आहेत, नॅरेशनमध्ये एका फॅब्रिकेशनवाल्याचं नाव आहे. त्याचं बिल फाईलमध्ये नाही. गेल्या वर्षी याच पार्टीला शेडच्या कामाचे पैसे दिले होते आणि ते इमारतीत धरले होते. याही वेळी तसंच असावं असं वाटतं. बिल मागवू का?'

पहिल्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर सरांना टॅली उघडावी लागते, म्हणजे उत्तर दोन दिवसांनी येणार. दुसऱ्याला ते गाडीत बसल्याबसल्या 'हो, मागव' एवढं लिहितात. तुमचा अंदाज चुकला तरी बिघडत नाही. उलट कुठे चुकला ते ते सांगतात, आणि घरबसल्या शिकणं होतं ते एवढ्या एका ओळीतूनच. गेल्या वर्षीचं लेजर उघडून बघणं ही अर्धी इंटर्नशिप आहे. निम्म्या शंकांची उत्तरं तिथेच पडलेली असतात.

एकाच पार्टीच्या चौदा एन्ट्री असतील तर प्रश्न एकच करा. मोठ्या रकमा वर, किरकोळ खाली. दिवसभर 'सर एक डाऊट होता' असे मेसेज टाकत राहू नका. ठरलेल्या वेळी एकदाच यादी पाठवा. अपवाद एकच: उत्तर मिळाल्याशिवाय पुढचं कामच अडलं असेल तर लगेच फोन.

क्लायंटला विचारायची परवानगी मिळाली तर भाषा बदला. दुकानदाराला 'सस्पेन्स' आणि 'नॅरेशन' सांगून उपयोग नाही. 'नमस्कार साहेब, सीए ऑफिसमधून बोलतेय. १२ जूनला बँकेतून ४५,००० रुपये फॅब्रिकेशनवाल्यांना गेलेत. ते कशाच्या कामाचे होते? बिलाचा फोटो पाठवता का?' एका मेसेजमध्ये तीन-चारच प्रश्न. वीस प्रश्नांच्या यादीला एकही उत्तर येत नाही. दुकानाच्या गर्दीची वेळ टाळा, दुपारी दोन ते चार बरी.

२बी रेको: इथे खरी मजा आहे

खरेदीवर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घ्यायचं तर ते बिल २बीमध्ये दिसलं पाहिजे, हा नियम १ जानेवारी २०२२ पासून पक्का आहे. म्हणून दर महिन्याला १४ तारखेनंतर टॅलीतली खरेदी आणि २बी जुळवतात. इंटर्नला हे काम मिळालं तर समजा विश्वास बसलाय.

आधी बिलं वाचायला शिका. जीएसटी नंबर १५ अक्षरांचा: पहिले दोन अंक राज्याचे, पुढची दहा अक्षरं पॅन. महाराष्ट्र २७, गोवा ३०, कर्नाटक २९, गुजरात २४. सांगलीच्या दुकानदाराने कोल्हापूरहून माल घेतला तर सीजीएसटी-एसजीएसटी (एकाच राज्यातला व्यवहार), बेळगावहून घेतला तर आयजीएसटी (दोन राज्यांतला). सीमाभागातल्या क्लायंटकडे ही गल्लत नेहमी सापडते. दरांबाबत एक तारीख डोक्यात ठेवा: २२ सप्टेंबर २०२५. त्या दिवसापासून बऱ्याच वस्तूंचे दर बदलले. सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. त्यामुळे २०२५-२६ च्या फाईलमध्ये एकाच पार्टीची सिमेंटची दोन बिलं दोन दरांची दिसली तर आधी तारीख बघा, दोन्ही बरोबर असू शकतात.

जुळवायचं कसं? दोन्ही याद्यांत जीएसटी नंबर आणि बिल नंबर जोडून एक किल्ली करा आणि लुकअप लावा. बिल नंबर मात्र दगा देतो. पार्टीने 'पीएन/२५-२६/००४७' लिहिलेलं असतं, तुमच्याकडे कुणीतरी नुसतं '४७' टाकलेलं असतं. शेवटचे अंक वेगळे काढून, पुढची शून्यं उडवून, जीएसटी नंबर आणि रकमेबरोबर जुळवा. एक रुपयापर्यंतचा फरक राऊंडिंगचा धरून सोडा.

मग उरलेल्यांचे तीन ढीग. समजा टॅलीत क्रेडिट १,४६,३२० आहे आणि २बीमध्ये १,३९,८४०. फरक ६,४८०. तपासल्यावर सापडलं: ७,२०० चं एक बिल टॅलीत आहे, २बीत नाही. १,१७० चं क्रेडिट २बीत आहे, टॅलीत नाही. आणि एक बिल दोन्हीकडे आहे पण टॅलीत कर ४,९५० आणि २बीत ४,५००, म्हणजे ४५० जास्त. ७,२०० – १,१७० + ४५० = ६,४८०. फरक पूर्ण लागला.

आता प्रत्येकाचं कारण शोधा. ७,२०० ची पार्टी तिमाही रिटर्न भरणारी निघाली. ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला ती सोय आहे, आणि अशी पार्टी मधल्या महिन्यांत बिलं वेगळी टाकत नसेल तर ती तिमाहीअखेरच दिसतात. या महिन्यात क्रेडिट घ्यायचं नाही, पुढच्या महिन्यांच्या यादीत ठेवायचं. १,१७० मध्ये बँकेचे ९० आणि कुरियरवाल्याचे १,०८०. बिलं मागवून एन्ट्री करायची. ४५० चं मूळ बिल उघडलं तर २५,००० ऐवजी २७,५०० टाइप झालेलं. दुरुस्त केल्यावर टॅलीत १,४७,०४० होतात, त्यातून ७,२०० बाजूला ठेवले की १,३९,८४०. बरोबर २बी.

२बीत दिसतंय म्हणून सगळंच घ्यायचं असंही नाही. मालकाने घेतलेली गाडी, हॉटेलातल्या खाण्याची बिलं, क्लबची वर्गणी यांचं क्रेडिट साधारणपणे कायद्यानेच अडवलेलं आहे. अशी बिलं वेगळ्या रंगात करा आणि वर पाठवा. पोर्टलवर ऑक्टोबर २०२४ पासून इनव्हॉइस मॅनेजमेंट सिस्टम आली आहे, तिथे प्रत्येक बिल स्वीकारा, नाकारा किंवा पेंडिंग ठेवा अशी बटणं असतात. तुमच्याकडे लॉगिन असलं तरी सांगितल्याशिवाय एकही दाबू नका, समोरच्या पार्टीवर त्याचा परिणाम होतो.

टीडीएस, प्रोफेशन टॅक्स वगैरे

हे बहुधा एक्सेलच्या यादीपुरतं येतं. कुणाला किती दिले, मर्यादा ओलांडली का, किती कापायला हवा होता. १ एप्रिल २०२५ पासून प्रोफेशनल फीची मर्यादा वर्षाला ५०,००० आणि भाड्याची महिन्याला ५०,००० झाली. कंत्राटदाराची मात्र एका बिलाला ३०,००० किंवा वर्षाला १,००,००० हीच राहिली. १ एप्रिल २०२६ पासून आयकर कायदा २०२५ लागू असल्याने पगाराव्यतिरिक्तचा बहुतेक टीडीएस कलम ३९३ मध्ये एकत्र आला आहे. तरी ऑफिसात जुने लोक जुन्या कलमांचे नंबर, '१९४सी' (कंत्राटदार), '१९४जे' (प्रोफेशनल फी), असंच म्हणणार. दोन्ही नंबर शेजारी लिहिलेला एक कागद भिंतीवर लावा.

महाराष्ट्रातल्या पगारपत्रकात फेब्रुवारीत प्रोफेशन टॅक्स २०० ऐवजी ३०० दिसला तर ती चूक नाही. वर्षाचे २,५०० त्यानेच पूर्ण होतात.

दुसऱ्याचे कागद तुमच्या घरात

घरून काम करताना सगळ्यात जास्त निष्काळजीपणा इथे होतो. क्लायंटच्या पॅन-आधारचे फोटो व्हॉट्सॲपवर आले की ते आपोआप फोनच्या गॅलरीत, तिथून क्लाऊडवर आणि घरच्या सगळ्यांच्या नजरेत जातात. कामाच्या ग्रुपसाठी मीडिया गॅलरीत दिसणं बंद करा. घरातला लॅपटॉप भाऊ-बहीण वापरत असतील तर कामासाठी वेगळा युजर करा. बँक स्टेटमेंट एआय चॅटबॉटमध्ये चिकटवून 'वर्गवारी करून दे' म्हणणं फार सोपं आहे. ऑफिसने स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय करू नका. सूत्र कसं लिहायचं हे त्याला खुशाल विचारा, डेटा मात्र देऊ नका.

ओटीपी क्लायंटच्या मोबाईलवर येतो. तो ऑफिसने मागायचा, तुम्ही नाही. तुमचा मोबाईल नंबर किंवा ईमेल कुठल्याही क्लायंटच्या पोर्टलवर 'तात्पुरता' टाकायला सांगितलं तर नम्रपणे नकार द्या. पुढे नोटीस तुमच्या मेलवर येत राहते आणि क्लायंटला तिचा पत्ताच नसतो.

रोजचा रिपोर्ट

चार ओळी पुरतात. आज काय झालं (कोणती फाईल, कुठल्या तारखेपर्यंत), काय अडलं, सस्पेन्सची शिल्लक किती, उद्या काय. तास लिहा, पण त्याबरोबर काम लिहा. कॉलेजच्या हजेरीच्या तक्त्यालाही हेच कामी येतं. कॉल आठवड्यातून एकदा पुरे, पण स्क्रीन दाखवून करा. मॅडम तुमच्या समोर एखादा व्हाउचर उघडून 'हे असं का?' विचारतात तेव्हा दहा मिनिटांत जे कळतं ते मेलवर कळत नाही. त्यांची वेळ २१ तारखेनंतरची मागा.

शेवटचा आठवडा

कॉलेजच्या रिपोर्टमध्ये क्लायंटचं नाव, जीएसटी नंबर, स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट काहीही जाता कामा नये. 'एक हार्डवेअर व्यापारी' एवढं पुरतं, आकडे बदलून उदाहरण द्या आणि जमा करण्याआधी रिपोर्ट ऑफिसला दाखवा. प्रमाणपत्र लेटरहेडवर घ्या. त्यात कालावधी, एकूण तास, काम घरून केलं हा उल्लेख आणि कामाचं स्वरूप असावं. 'अकाउंटिंगची विविध कामं' यापेक्षा 'बँक जुळवणी, २बी जुळवणी, टीडीएस याद्या' असं लिहून घ्या. मजकुराचा कच्चा मसुदा तुम्हीच पाठवलात तर दोन दिवसांत सही होऊन येतो.

हँडओव्हरची फाईल करताना प्रत्येक क्लायंटची एक ओळ: काम कुठवर आलं, कोणत्या शंका उत्तराविना आहेत, सस्पेन्स किती, मूळ कागद कुठल्या फोल्डरमध्ये. त्यानंतर लॅपटॉप आणि फोनवरच्या क्लायंटच्या सगळ्या फायली काढा, रिसायकल बिन रिकामं करा, ऑफिसला एनीडेस्कचा पासवर्ड बदलायला आणि शेअर केलेल्या ड्राइव्हमधून तुमचं नाव काढायला सांगा. हे सगळं केल्याचा दोन ओळींचा मेल टाका आणि त्याला 'मिळालं' असं उत्तर येईपर्यंत कामाच्या ग्रुपमधून बाहेर पडू नका.